जुनी गाडी पारखताना आणि सांभाळताना : वाचकांचे प्रश्न

दोन-तीन लाखांत मिळणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरं दिली आहेत. खर्चाचे आकडे छोट्या गाड्यांचे आणि ठोकळ आहेत. गावागणिक थोडा फरक पडेल.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे. शाळेत जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर होतात. घरात आम्ही चौघं. अडीच लाखांच्या आसपास दोन गाड्या बघितल्यात. एक २०१४ ची वॅगन-आर पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०११ ची स्विफ्ट डिझेल, मीटरवर ९० हजार. घरचे म्हणतात, डिझेल घ्या, ॲव्हरेज देते. काय करावं?

वॅगन-आर घ्या. तुमचं रनिंग वर्षाला साधारण ९ हजार किलोमीटर होईल. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १६ धरलं तर वर्षाचा खर्च साडेअठ्ठावन्न हजारांच्या आसपास. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज १९ धरलं तर त्रेचाळीस हजार. म्हणजे वर्षाला १५ हजारांची बचत. आता दुसरी बाजू बघा. त्या १२४८ सीसी डिझेल इंजिनात टर्बो आहे, चार इंजेक्टर आहेत, हाय प्रेशर पंप आहे. यातलं एक मोठं काम निघालं की वर्ष-दीड वर्षाची बचत तिथेच गेली. इंजिन वाईट नाही. ते भरपूर चालवणाऱ्यासाठी आहे, रोज ३० किलोमीटरवाल्यासाठी नाही.

दुसरं कारण वयाचं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे २०११ च्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. पुढे फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून पाच हजार झालंय. शिवाय २०११ साली डिझेल घेणारा माणूस सहसा खूप फिरणारा असतो. इतक्या वर्षांत फक्त ९० हजार, हे सर्व्हिस रेकॉर्ड बघितल्याशिवाय मान्य करू नका.

वॅगन-आरच्या के-१० इंजिनात टायमिंग चेन आहे, ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. एक गोष्ट मात्र विचारून घ्या. सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून सक्तीची झाली. २०१४ च्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही नाहीत. मुलांना घेऊन फिरणार असाल तर दोन्ही असलेलं व्हेरियंट शोधा. त्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजावे लागले तरी मोजा.

प्रश्न : ओळखीचा मेकॅनिक नाही. गाडी बघायला गेल्यावर आपली आपण काय तपासणी करावी?

आधी मालकाला फोन करून सांगा, सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन खोटं बोलत नाही. गरम इंजिनात अर्धे दोष झाकले जातात.

चालू करण्याआधी तीन गोष्टी बघा. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढून ऑइलची पातळी बघा. ऑइल काळं असणं चालतं, पण पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर एकतर इंजिन ऑइल खातंय किंवा मालकाने लक्ष दिलेलं नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे दुधाच्या सायीसारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. थंडी-पावसात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा थर साचतो, पण डिपस्टिकवरही तोच रंग दिसला तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या पॅकिंगचा संशय घ्या. मग कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची बाटली बघा. कूलंटचा रंग स्वच्छ हिरवा, निळा किंवा लाल असायला हवा. चहासारखं गढूळ पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय आणि रेडिएटर आतून गंजतोय.

आता चावी फिरवा, पण स्टार्ट करू नका. मीटरमध्ये इंजिनचा दिवा आणि, गाडीत एअरबॅग असेल तर, तिचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिनचा दिवा स्टार्ट झाल्यावर विझतो, एअरबॅगचा काही सेकंदांत. जो दिवा लागलाच नाही, त्याचा दोष लपवण्यासाठी बल्ब काढलेला असू शकतो. सातशे-आठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावून मोबाइलवर फॉल्ट कोड वाचता येतात. कोड एकही नाही, पण 'रेडिनेस', म्हणजे गाडीच्या संगणकाने आपल्या आपण करायच्या तपासण्या अपुऱ्या दिसतायत, असं असेल तर नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती.

स्टार्ट करताना एकाला सायलेन्सरपाशी उभं करा. सुरू होताच निळा धूर येऊन थांबला तर वाल्व्ह सील गेलेत. हे काम परवडण्यासारखं आहे. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा-पिस्टन झिजलेत, ती गाडी सोडा. थंडीतली पांढरी वाफ दोन-तीन मिनिटांत जाते. ती गेलीच नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा. हलका श्वास लागणं ठीक, पण झाकण उडायला बघतंय आणि धूर येतोय, तर सिलिंडरमधला दाब पिस्टनखाली गळतोय.

चालवताना रेडिओ बंद ठेवा. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी तेवढी ओढली नाही, तर क्लच प्लेट संपलीय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून सहा ते नऊ हजार किमतीतून कमी करून मागा. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक-टक आवाज आला तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा गेलाय. स्पीडब्रेकरवर 'खड' असा एकच आवाज येत असेल तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश; ही कामं स्वस्त आहेत. थांबल्यावर ब्रेक अर्धा मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलावा लागेल.

बॉडीवर जास्त वेळ घालवा. दार, मडगार्ड, छप्पर यांवर रुमालात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. दाराला पुट्टी असली म्हणून बिघडत नाही, आपल्या रस्त्यांवर ते व्हायचंच. छपराला किंवा खांबांना असली तर गाडी उलटली असण्याची शक्यता धरा. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचा ॲप्रन, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतो त्याच्या आजूबाजूचा पत्रा नीट बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावरच्या गोल ठशांसारखे असतात. ते बुजलेले, पत्रा लाटेसारखा, रंग वेगळा असेल तर पुढून मोठी धडक झालीय. बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टांच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा आहेत का, तेही बघा. ॲप्रन ओढून सरळ केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. अलाइनमेंट कायमची बिघडते आणि पुढच्या धडकेत तो पत्रा हवा तसा दबत नाही.

मीटर मागे केलाय का, हे एका खुणेवरून ठरत नाही. नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसच्या नोंदी मागवायला मालकाला सांगा. पेडलचं रबर, स्टीअरिंगची चकाकी, चालकाच्या सीटची दबलेली कड आणि ब्रेक डिस्कच्या काठाची झीज हे सगळं मीटरशी जुळलं पाहिजे. मीटर ४० हजार आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, तर काहीतरी चुकतंय.

एवढं करून गाडी पसंत पडली, की पाचशे-हजार रुपये देऊन कुठल्याही मेकॅनिककडून ती रॅम्पवर चढवून खालून बघून घ्या. ऑइल गळती आणि गंज खालूनच दिसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या गाड्यांना तर हे सक्तीचंच समजा, कारण खाऱ्या हवेने रनिंग बोर्ड आणि सस्पेन्शनच्या बैठका आतून खाल्लेल्या असतात.

प्रश्न : कोल्हापुरात एक गाडी फार स्वस्त मिळतेय. पुरात बुडालेली असेल का, कसं ओळखावं?

शंका रास्त आहे. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, दोन्हींत पाण्याखाली गेलेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून बाजारात आल्या. अशा गाड्या आजूबाजूच्याच नव्हे तर लांबच्या जिल्ह्यांतही विकल्या जातात.

पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पार थांबेपर्यंत. गाडी धुणारा बेल्टचा वरचा भाग धुतो. गुंडाळीत राहणारा शेवटचा हातभर पट्टा सहसा राहून जातो. त्यावर मातकट आडवी रेघ किंवा बारीक गाळ दिसला तर पुढे काही बघायची गरज नाही. मग डिकीतली स्टेपनी काढून खड्ड्याच्या कोपऱ्यांत बोट फिरवा. सीट मागे-पुढे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. तिथे गंज यायला पाणीच लागतं. हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी रेघ, कार्पेटखालच्या फोमचा कुबट वास याही खुणा. दहा वर्षांच्या गाडीत एकदम नवं कार्पेट आणि नवी सीट कव्हरं दिसली तर कारण विचारा.

इन्शुरन्सची पॉलिसीही बोलते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, क्लेम नसलेल्या वर्षांनुसार २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. जुन्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल तर मागचा क्लेम कशाचा होता ते कागदासह मागा. २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतरची पॉलिसी मिळाली तर उत्तमच.

पूरग्रस्त गाडी चालू होते, चालते, म्हणूनच लोक फसतात. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेला गाळ सहा-आठ महिन्यांनी हिरवा गंज धरतो. मग कधी काच खाली जात नाही, कधी गाडी रस्त्यात बंद पडते आणि प्रत्येक वेळी दोष वेगळा. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरजवळ खाली असतो, तोही बुडालेला असतो. निम्म्या किमतीतही ही गाडी घेऊ नका.

प्रश्न : नाशिकमध्ये एका डीलरकडे दिल्ली पासिंगची डिझेल सेडान आहे, इथल्यापेक्षा लाखभर स्वस्त. घ्यावी का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे येतात. गाडी चांगली असू शकते. पण त्या लाखातून काय काय वजा होतं ते आधी मांडा. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ मूळ प्रतीत हवी. ती ज्या आरटीओच्या नावाने काढलीय तिथेच चालते, त्यामुळे त्यावर नाशिक लिहिलंय का ते बघा. इथे नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७ भरायचा, महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा आणि दिल्लीतला उरलेला टॅक्स परत मागायचा असेल तर तो खटाटोप वेगळा. टॅक्स किती होईल हे आरटीओत विचारा, डीलरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. हे सगळं डीलरने करून, एमएच नंबर पडल्यावर उरलेले पैसे द्यायचे, असं लेखी ठरत असेल तरच पुढे जा.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी एजंटामार्फत गाडी विकली. फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. अजून ई-चलान माझ्याच मोबाइलवर येतात. काळजीचं कारण आहे का?

आहे, आणि चलान हा त्यातला लहान भाग. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. उद्या त्या गाडीने अपघात केला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच स्पष्ट केलंय.

आजच परिवहनच्या वेबसाइटवर गाडीची सद्यस्थिती बघा. विक्रीची पावती, पैसे खात्यात आल्याचा दाखला आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत जोडून आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या. एजंटालाही तेच रजिस्टर पोस्टाने पाठवा. नियमाप्रमाणे विकणाऱ्याने फॉर्म २९ ची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. विकताना नुसत्या सह्या देऊन मोकळं होणं ही पद्धत सर्रास आहे आणि ती घातक आहे. तारीख आणि घेणाऱ्याचं नाव नसलेल्या कोऱ्या फॉर्मवर कधीच सही करू नये.

घेणाऱ्यांनीही याच जागी तीन गोष्टी बघून घ्याव्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५. थकलेली चलानं व्यवहाराआधी मालकाकडून भरून घेणं. आणि इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेणं. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो फरक भरावा लागतो.

प्रश्न : २०१३ ची अल्टो ८०० घेतली, ६२ हजार चाललेली. मालकाकडे सर्व्हिसचं काहीच रेकॉर्ड नाही. सुरुवातीला काय काय करून घ्यावं?

रेकॉर्ड नाही म्हणजे काहीच झालेलं नाही असं धरून चाला. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर पहिल्या आठवड्यात बदला. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, सहसा ५डब्ल्यू-३०, तीन लिटरचा डबा पुरतो. डिपस्टिक बघत भरा, वरच्या खुणेपलीकडे जाऊ नका. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायला सांगा, पाच-दहा रुपयांच्या या वॉशरपायी गळती सुरू होते. एअर फिल्टर, तीन स्पार्क प्लग, गिअर ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल हेही एकदाच करून टाका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी उभी असली तरी दर दोन वर्षांनी बदलायचं. त्याची प्रत डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. रबराला किलोमीटरइतकंच वय खातं. बदलल्याचा पुरावा नसेल तर टेन्शनरसह, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकासह बदला. बेल्ट तुटला की गाडी जागेवर बंद पडते, आणि बऱ्याच इंजिनांत वाल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग हेड उतरवावं लागतं.

टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी दिसत असली तरी सहा-सात वर्षांवरचा टायर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो बाद. हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघा, पंपवाल्याच्या अंदाजाने भरू नका.

टायर सोडून हे सगळं पंधरा-अठरा हजारांत होतं. म्हणून गाडीच्या किमतीत सगळी पुंजी घालू नये, पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवावेत. पुढे दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदललं की हे इंजिन खूप वर्षं साथ देतं.

प्रश्न : सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना २०१० ची सँट्रो गरम होते. गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू. काढावा का?

काढू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप, नसला की इंजिन हवं तितकं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलही लवकर खराब होतं, आणि मूळ कारण तसंच राहतं. आधी फॅन तपासा. एसी लावला की रेडिएटरचा फॅन फिरायलाच हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा. मग रेडिएटरचं झाकण. त्याचा रबर सील गेला की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. दोनशे-तीनशे रुपयांत नवं येतं. पंधरा वर्षांच्या गाडीत रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदलेल्या असण्याची शक्यता मोठी. तो उतरवून साफ करा किंवा बदला, आणि कूलंट तयार मिश्रणाचं किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळूनच भरा. तरीही गरम झाली तर वॉटर पंप आणि शेवटी हेड गॅसकेट.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. इंजिनची उष्णता आत ओढली जाते. सुरक्षित जागा बघून थांबा. अर्धा-पाऊण तास रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी उसळून चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रश्न : बाहेरून सीएनजी बसवलेली गाडी घ्यावी का?

आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' लिहिलेलं असेल आणि पॉलिसीत किटची नोंद असेल तरच. नोंद नसेल तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. टाकीवरची पट्टी वाचा. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, बंधनकारक आहे. तारीख उलटली असेल तर व्यवहाराआधी मालकाकडून करून घ्या. गाडी पेट्रोलवरही चालवून बघा, कारण वर्षानुवर्षं फक्त गॅसवर चाललेल्या गाडीचे इंजेक्टर आणि पेट्रोल पंप चिकटलेले असतात.

प्रश्न : पुण्यात राहतो, गाडी महिन्यातून दोनदाच निघते. बॅटरी उतरते आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या. उपाय?

नुसती जागेवर चालू ठेवून उपयोग नाही; त्यात बॅटरी पुरती भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. ते जमत नसेल तर बॅटरीची वजा वायर काढून ठेवा. साध्या मल्टिमीटरने मोजलं तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या खाली आली की चार्ज करा. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, नाहीतर दोष बॅटरीचा नसून ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आहे.

पावसाळ्यात हँडब्रेक लावून आठवडे-आठवडे ठेवू नका, मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावा. उंदरांसाठी खालून बारीक जाळी बसवून घेणं हा सगळ्यांत टिकाऊ उपाय. तंबाखूची पानं आणि फवारे पावसात धुऊन जातात. गाडीत खाण्याचे तुकडे राहू देऊ नका, आणि निघण्याआधी बोनेट उघडून वायरी आणि एअर फिल्टरची डबी बघा, घरटं तिथेच करतात.

प्रश्न : फोर्ड फिगो दीड लाखात मिळतेय, चालवायला छान वाटली. कंपनी गेली म्हणून सोडावी का?

फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, शेवरलेची विक्री त्याआधी २०१७ च्या अखेरीस बंद झाली. फिगोचे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शनचे भाग बाजारात मिळतात. अडचण येते ती हेडलाइट, बंपर, दाराची हँडल आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल अशा वस्तूंची. त्या मागवून आठवडे थांबावं लागू शकतं. घरात दुसरं वाहन असेल आणि गावात फोर्डवर हात बसलेला मेकॅनिक असेल तर घ्या. एकाच गाडीवर घराचं सगळं अवलंबून असेल तर त्याच दीड लाखात थोडी जुनी मारुती किंवा ह्युंदाई बघा, तिचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानात त्याच दिवशी मिळतो.